गणपतीच्या छातीतली चीर

मंडळी, असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना आजवर मीच हसत आले. त्यामुळे लिहायला जरा लाजच वाटतेय... पण लिहिते.

आम्ही पेणचे. मूर्तींचा कारखाना माझे सासरे आप्पा आणि मी बघतो. नवरा सुनील रोह्याजवळ धाटावला कंपनीत शिफ्टला. घरचा गणपती मात्र आमच्याकडे विकायच्या मूर्तींतून उचलत नाहीत — घरच्या सुनेने तो शाडूचा वेगळा करायचा.

गेल्या वर्षी तो वाळला आणि छातीवर मधोमध उभी चीर गेली. आप्पा म्हणाले, "आत गोळा रायलाय गो. पातळ माती आदी वालते, गोळा मागं रातो, मंग फाटते."

साच्यात माती दाबताना घाई केली की असं होतं; नवशिक्यांची चूक. मी खालच्या भोकातून बॅटरी मारली — आत साफ पोकळ. चीर लिंपली, पुन्हा गेली. रागाने ती मूर्ती भिजवून नवी केली. तीही आतून साफ... चीर तिथेच.

मी तिच्याकडे बघत बसले होते तेव्हा सुनील कामावरून आला. बूट काढायला वाकला आणि उठला तर चेहरा सुजलेला, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. खोकला तर कधीचाच होता. कंपनीतल्या वासाने होतो म्हणून उडवून लावायचा. उद्याच एक्सरे काढायचा, म्हटलं.

"मूर्तीला चीर गेली म्हून?" तो हसला.

"व्हय, म्हून."

एक्सरे झाला, मग सीटी. पनवेलच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. छातीच्या हाडामागे, दोन फुफ्फुसांच्या मधे एक जागा असते. हृदय, श्वासनळी, अन्ननलिका, मोठ्या रक्तवाहिन्या, सगळं तिथेच दाटीवाटीने. लहानपणी कामाची असलेली एक ग्रंथीही तिथेच असते, ती मोठेपणी आक्रसते. सुनीलच्या त्या ग्रंथीत गाठ वाढली होती आणि डोक्याकडून रक्त आणणारी शीर दाबत होती.

"आत गोळा आहे," डॉक्टर म्हणाले, "पण वेळेत आलात."

ऑपरेशनमध्ये गाठ आख्खी निघाली, कुठे पसरली नव्हती. रिपोर्ट ऐकून मी दवाखान्याच्या जिन्यात बसून पोटभर रडले. इतकं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

खोकला, सूज डोळ्यांसमोरच होती, माझ्या मनाने ते जोडलं असेल, मान्य. पण दोन मूर्ती, दोन्ही आतून साफ... मग चीर का गेली? आप्पांनाही सांगता येत नाही.

यंदाचा गणपती एकदाही न चिरता वाळला. मी रंगवत होते, सुनील शेजारी उघडा बसला होता, छातीवर मधोमध तो उभा व्रण. ही चीर कधी लिंपणार, म्हणून तो मला चिडवत होता.

"ती लिंपलेलीच हाय," आप्पा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी त्या व्रणावरून हात फिरवला.