समोरून दिलेला खो

आमच्या ताई चिडल्या की पुस्तकातल्यासारखं बोलत. एरवी अस्सल वऱ्हाडी, 'काहून रे' म्हणत मुलांच्या मागे धावणाऱ्या. पण त्यांच्या तोंडून 'कृपया' निघालं की अकोल्यातल्या आमच्या वस्तीत भलेभले चूप बसत. विहारामागच्या मैदानावर त्या संध्याकाळी खो-खो शिकवत. पळवून नेलेली, कुठेकुठे राबवून घेतलेली मुलं सुटून घरी आली की पोलिसांचं काम संपे आणि ताईंचं सुरू होई. मी बाजूच्या खोलीतलं वाचनालय सांभाळत असे.

सोनू अकरा वर्षांची असताना लग्नाच्या गर्दीतून तिला पळवलं होतं. परराज्यातल्या एका घरात कोंडून तिच्याकडून धुणीभांडी करून घेतली. दोन वर्षांनी ती परतली आणि वस्तीला काय सुचलं, तर सत्कार. चौकात फ्लेक्स लागला: मधोमध सोनूचा चेहरा, भोवती पुढाऱ्यांचे.

ताईंनी आयोजकाला गाठलं. "दादासाहेब, या मुलीने कोणता सामना जिंकला, हे कृपया सांगाल का?"

"कौतुक करून राहिलो ना आमी तिचं."

"मग आपल्या कन्येचंही छायाचित्र लावावं."

ताईंनी शिडी मागवून फ्लेक्स उतरवला. पण तोवर तो फोटो मोबाईलवर फिरला होता. नळावर बाया सोनूच्या आईला विचारत, "काय काय केलं म्हणे तिच्यासंग?" सोनू घराबाहेर यायची बंद झाली.

मग ताईंनी मैदानच तिच्या गल्लीत नेलं. रोज तिच्या दारासमोर चुन्याच्या रेघा ओढून खेळ मांडायचा. हळूहळू सोनू उंबऱ्यावर आली, मग रांगेत बसली. पण खो देणारीचा हात पाठीमागून लागताच किंचाळून घरात पळाली. दुसऱ्या दिवशी ताईंनी नियम बदलला: समोर यायचं, तिच्याकडे पाहायचं आणि हात न लावता खो म्हणायचं.

"असा खो नसते, ताई," एक क्रीडाशिक्षक हसून म्हणाले.

"आमच्या गल्लीत असते."

"पण असं किती दिवस?" मी विचारलं.

"तिले वाटंल तवरोक. आपल्याले काय गाडी पकडाची हाय?"

मागच्या उन्हाळ्यात ताई गेल्या. शोकसभेत सर्वांत लांब भाषण त्याच दादासाहेबांचं झालं. पीडित लेकरांच्या पाठीशी आपण कसे उभे राहिलो, हे ते सांगत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. शोकसभेत टाळ्या. मला तिथे बसवेना.

बाहेर मैदानावर मुली खेळत होत्या. आता सोनूच त्यांना शिकवते. त्या दिवशी ती स्वतःही रांगेत बसली होती. एक लहान मुलगी सवयीने वळसा घालून तिच्यासमोर आली.

"समोर काहून आली?" सोनू म्हणाली. "मांगून दे. पाठीवर हात ठेव."

मुलगी घुटमळत मागे गेली. सोनूने डोळे मिटले. पाठीवर हात पडला तशी ती दचकली, उठली आणि धावत सुटली.