सासऱ्याचं नाव

सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, हे मला कोणी शिकवायला नको. बारा वर्षांची असताना लग्न होऊन या गावात आले. निघताना आईनं कानात दोनच गोष्टी सांगितल्या. डोक्यावरचा पदर पडू देऊ नको, आणि नवऱ्याचं नि सासऱ्याचं नाव तोंडात आणू नको. दहा वर्षं दोन्ही पाळल्या. मग एका दिवशी भरल्या गावासमोर मी ते नाव मोठ्यानं घेतलं. आज पन्नाशी आली तरी बायका मला त्यावरून टोमणे मारतात. मारोत मेल्या! काय झालं होतं ते मीच सांगते.

माझे सासरे केवळराम, मी त्यांना मामाजी म्हणायची. आमचं गाव सालेकशाच्या अलीकडे, रेल्वेची लाईन जंगलात शिरते तिथं. गावाला एक जुना तलाव आहे आणि सगळं धान त्या तलावावर. मामाजी त्या तलावाचे पाणकर होते, म्हणजे शेतांना पाळीपाळीनं पाणी सोडणारे. तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, एक दगडी नळ आहे. त्याला एकाखाली एक भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडी बुच. पाणी उतरेल तसा खालचा बुच काढायचा. सगळ्यात तळचा बुच मात्र काढत नाहीत. तेवढं पाणी गुराढोरांचं.

संवत छप्पनचा दुष्काळ पडला तेव्हा मी पाळण्यात होते, हे सगळं मागाहून ऐकलेलं. धान पोटरीत आलं नि पाऊस पळाला. तळच्या बुचापुरतंच पाणी उरलं. गावानं ठरवलं, काढा तो बुच. आता मामाजी मोठे काटकसरी. भाकरीचा तुकडासुद्धा फडक्यात बांधून ठेवतील. त्यांनी बुच पुरता काढलाच नाही. थोडा ढिला केला, भोवती चिंधी गुंडाळली आणि बारीक धार सोडली. धार बारीक असली की पाणी जास्त दिवस पुरेल, असा त्यांचा हिशेब. कुठलं काय! शेतांकडे जाणारी नहर, म्हणजे पाट, वाळून तडकली होती. ती बारीक धार भेगांत शिरली नि तिथंच मेली. पाच दिवसांत तलाव कोरडा पडला. ना वरच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, पाणी मिळालं, ना खालच्या. धान उभ्याउभ्या वाळलं, आणि पुढं उन्हाळ्यात गुरंही गेली. मामाजींनी चोरी केली नव्हती, कोणाचा पक्ष घेतला नव्हता. पण झालं ते झालं. त्यांचं पाणकरपण गेलं.

आणि नाव राहिलं. ते कसं राहिलं ते ऐका. आधी शेतावरचे लोक अर्धवट टाकलेल्या कामाला केवळराम म्हणू लागले. "अर्धा बांध घालून काऊन बसला, केवळराम करतो का?" मग खालच्या टोल्यातले, म्हणजे वस्तीतले, ज्यांच्यापर्यंत पाणी पोचलंच नव्हतं, ते येतो म्हणून न येणाऱ्या पाहुण्याला तसं म्हणू लागले. मग बायकांनी ते चुलीपाशी नेलं. भात शिजता शिजता पाणी आटलं आणि दाणा कच्चा राहिला, की भाताचा केवळराम झाला. पोरांची गिल्ली दोन हातांवर पडली, केवळराम. चढावर बैल बसला, केवळराम. माझ्या लग्नापर्यंत गावात अशी पोरं झाली होती की हे माणसाचं नाव आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. तो माणूस मात्र समोरच्या ओट्यावर बसून सुतळी वळत असायचा.

गावभर ते नाव, आणि मला तेवढं बंद! रोवणीला गेले की बायका मुद्दाम विचारायच्या, "शामकला, आज भात कसा झाला वं तुया?"

"कच्चा राहिला," मी म्हणायची.

"कच्चा म्हंजे काय? सरळ नाव घे ना!" आणि चिखलात वाकलेली सगळी रांग खिदळायची. माझं डोकं असं भडकायचं! पण बोलणार काय? मी मुकाट्यानं रोपं रोवायची.

मामाजींचं तर याहून वाईट. पहिली काही वर्षं कुठं ते नाव ऐकू आलं की ते वळून पाहायचे, असं शेजारचे सांगतात. दर वेळी हाक दुसऱ्याच कशाला तरी असायची, बैलाला नाहीतर गिल्लीला. मग त्यांनी वळणं सोडलं. शेवटी शेवटी पाहुणा दारात उभा राहून नावानं हाक मारी, तरी मामाजी हूं की चूं करत नसत. मीच बाहेर जाऊन सांगायची, "आहेत घरात."

माझ्याशी मात्र बोलायचे. तेही एकच. मी अंगणात धान पाखडत बसले की ते काडीनं मातीत नहर काढायचे. "हे जांभूळ. इथं पहिली भेग. हे मोहाचं वळन, इथं तर हात जाये आत. पोरी, बुच पुरा काढाले पाहिजे होता. लोंढा आला असता तं भेगा बुजवत पुढं गेला असता. मी धार सोडली. धार जमीन पिऊन घेते." किती वेळा ऐकलं असेल हे मी! भेग न् भेग मला पाठ झाली होती.

मानमोडीच्या तापाची साथ गावातून गेली, त्यानंतर दोन वर्षांनी पुन्हा तसंच झालं. पोळा झाला नि पाऊस गेला तो गेलाच. धान पोटरीत. तळचा बुच तेवढा उरला. आमच्या चार बांध्या होत्या, त्याही नहरीच्या शेपटाला. माझा गोवर्धन तीन वर्षांचा. त्या बांध्या गेल्या तर वर्षभर मोहफुलं उकडून खायची, दुसरं काही नव्हतं.

सकाळीच पिंपळाखाली गाव जमलं. पाणकर आता चुन्नीलाल होता. माणूस भला, पण भित्रा. तो म्हणाला, "बुच थोडासाच ढिला करतो. जपून सोडलं तं पानी आठ दिवस पुरन." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विहिरीपाशी घागर घेऊन उभी होते. अरे, हेच तर झालं होतं तेव्हा!

मागं बसलेले मामाजी उठले. वीस वर्षांत गावापुढं तोंड उघडायला पहिल्यांदाच उठले असतील. नुसते "मी सांगतो" एवढंच म्हणाले. तोच कोणीतरी ओरडलं, "बसा! आता केवळरामचं ऐकून केवळराम करा म्हंता का?" सगळे हसले. त्या हसण्यात घरधनीही खाली मान घालून बसलेले मला दिसले. बापासाठी एक शब्द निघाला नाही त्यांच्या तोंडून. मामाजींनी काठी उचलली आणि घराकडे चालू लागले.

माझा संताप संताप झाला. घागर तिथंच टेकवली नि सरळ पिंपळाखाली गेले.

"भाताले केवळराम म्हंता," मी म्हणाले, "गिल्लीले म्हंता, बैलाले म्हंता. मानसाले कोनी म्हनत नाही! केवळराम मानूस आहे. माया सासरा आहे. पानी कुठं मेलं हे या गावात फक्त केवळरामले ठाऊक आहे. त्याले हसता कायले? इचारा त्याले!"

भोजराज पाटील लाल होऊन उभे राहिले. "काय वं, सासऱ्याचं नाव घेऊन राहिलीस?"

"घेतलं," मी म्हणाले. "आता काय करता ते करा. पन धार सोडू नोका. जांभळापाशी पहिली भेग आहे, मोहाच्या वळनावर हात जाते आत. तुमची बांधी त्या वळनाच्या पुढंच आहे, पाटील. धार सोडली तं तिथं थेंब येनार नाही. बुच पुरा काढा."

पाटलांचा राग माझ्यावर होता, पण बांधी त्यांची होती. ते चुन्नीलालकडे वळून म्हणाले, "चाल, वळन पाहून येऊ."

पाहून आले. तिथं हातच काय, कोपर आत गेलं. दुपारी बुच पुरता उपसला. पाणी असं धडधडत सुटलं की भेगा भरत, काडीकचरा लोटत पुढं गेलं आणि दिवस मावळायच्या आत आमच्या शेपटाच्या बांध्यांत शिरलं. निम्मं धान तरी वाचलं गावाचं.

वाटलं होतं, आता तरी लोक ते बोलणं सोडतील. कसचं! भात कच्चा राहिला की आजही तोच शब्द. उलट त्याला आणखी एक अर्थ मिळाला. कोणाची सून तोंड वर करून बोलली की सासू म्हणते, "आली मोठी केवळरामवाली!" ती मी. घरधनी महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मामाजींकडे येऊन "तुमचं खरं होतं" म्हणणारा एकही निघाला नाही. चुन्नीलालसुद्धा नाही.

पाणी पोचलं त्या संध्याकाळी मी भीत भीतच घरी आले. मामाजी ओट्यावर बसले होते. पाणी पाहायलाही गेले नव्हते. मी पदर पुढं ओढून आत जाऊ लागले.

"पोरी," ते म्हणाले, "मायं नाव घेतलंस म्हंते."

"हो, मामाजी. चुकलं मायं."

"कसं घेतलंस?"

मी पदर आणखी पुढं ओढला.

"घे ना आता. मले ऐकाचं आहे."

मी खाली मान घातली आणि हळूच म्हणाले, "केवळराम."

मी पदराआडून पाहिलं तर त्यांनी हातातली सुतळी बाजूला ठेवली होती, डोळे भरले होते. मग दारात कोणी हाक मारल्यावर द्यावी तशी, इतक्या वर्षांनी, त्यांनी ओ दिली.