‘शांत झाले’

ती सकाळ आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण तेव्हा केलं तेच आजही करीन, हे आधीच सांगून टाकतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. हजेरी आटोपून स्टेशन डायरी पाहत होतो, तेवढ्यात सरकारी दवाखान्यातून फोन आला. कॅज्युअल्टीत तोडफोड झाली होती आणि ड्युटीवरच्या डॉक्टर बाई एका खोलीत अडकल्या होत्या. पाच माणसं घेऊन मी निघालो.

आवारात दीड-दोनशे लोक जमले होते. निम्मे मोबाइलवर व्हिडिओ काढण्यात गुंतलेले. दाराच्या काचेचा चुरा आणि त्यात सलाइनचा स्टँड आडवा पडलेला. मारेगावकडच्या एका खेड्यातला चाळिशीचा माणूस छातीत कळ आली म्हणून सकाळी आणला होता. तो मेला. आणणाऱ्या धाकट्या भावाची तक्रार सरळ होती. “साडेदहाले माहा दादा बरा होता. घंट्याभरानं अंदर गेलो त तोंडावर चादर! यायनं सुई देऊन मारला त्याले.”

मागोमाग एक पुढारी हजर. डॉक्टरवर गुन्हा नोंदवा, लोकांसमोरून गाडीत बसवा, जमाव आपोआप पांगेल, हा त्यांचा सल्ला. मग वरिष्ठांचा फोन. “जरा समजून घ्या.” मी म्हटलं, “साहेब, हलगर्जीपणाचा गुन्हा नोंदवण्याआधी वैद्यकीय समितीचा अभिप्राय लागतो. तो आणून द्या, आत्ता नोंदवतो.” मग मी आकस्मिक मृत्यूची नोंद करायला सांगितली, पंचनामा सुरू केला आणि शवविच्छेदनासाठी पत्र दिलं. पुढारी दात-ओठ खात उभे होते. राहू दिले.

डॉक्टर म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी, साताऱ्याकडची. जबाब ठाम होता. पेशंट साडेदहाला गेला आणि लगेच भावाला सांगितलं. भाऊ म्हणे, कोणी काहीच सांगितलं नाही. दोघांपैकी एक खोटं बोलतंय असं मी धरून चाललो, आणि तिथेच चुकलो.

लादी पुसणारी मावशी हळूच माझ्याजवळ आली. “सायेब, मॅडमनं सांगतलं होतं त्याले, म्या आयकलं. पन तो त हासला! हात जोडून म्हने, लय उपकार झाले.”

भाऊ मेल्याचं ऐकून उपकार मानणारा माणूस मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. पुन्हा डॉक्टरकडे गेलो. “अर्थ नको. तोंडातून निघालेले शब्द सांगा.”

“ऑटो उलटून चार जखमी आले होते, सर. धावता धावताच मी म्हणाले, ‘ते शांत झाले.’ आमच्याकडे कोणी गेलं की असंच सांगतात.”

पहाटेपासून तळमळणाऱ्या माणसाच्या भावाला हा शब्द कसा ऐकू आला असेल, ते मला तिथेच कळलं.

त्याला ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. “मॅडमले हात जोडले अन् मंग कुठी गेलता तू?”

त्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. “बाहीर. घरी फोन लावाले. माय सकाळपासून उपाशी होती. म्या म्हनलं, दादा शांत झाला, आता आराम हाये, तू भाकर खाय.” मग त्याचा बांध फुटला. “माय जेवली, सायेब. पोरगा मेला अन् माय जेवली. माह्या सांगन्यावरून.”

आमच्याकडे मयत उचलेपर्यंत घरात चूल पेटत नाही. ती काच त्याने सुईपायी नाही, त्या भाकरीपायी फोडली होती.

दवाखान्याचे साहेब म्हणाले, डॉक्टरला मागच्या दाराने काढू. मी साफ नाही म्हटलं. ती चोर नव्हती. जाईल तर पुढच्या दाराने, आणि आधी याच्याशी बोलून. दोघांना समोरासमोर बसवलं. ती म्हणाली, “तुमचे दादा साडेदहाला मेले. मी थांबून नीट सांगायला हवं होतं. माझं चुकलं.”

“हाच शब्द तवा बोलल्या असत्या मॅडम, त म्या मायले जेवू देलं नसतं.”

ती रडली. तो उठून बाहेर गेला आणि लोकांना म्हणाला, “चाला, बाजूले व्हा. दादाले घरी न्याचं हाये.” पुढाऱ्यांचं भाषण घशातच राहिलं.

काच फोडल्याचा गुन्हा मी त्याच्यावर नोंदवलाच. दया आली म्हणून कलम खिशात घालता येत नाही. समितीला उपचारात दोष सापडला नाही. माझी मात्र लवकरच बदली झाली. मी ठाण्यात पेढे वाटले आणि निघालो.

पण त्या मुलीला बोल लावणारा मी कोण? अपघातात मेलेल्यांच्या घरी मीच वर्षानुवर्षं निरोप दिले होते, ‘सीरियस आहे, लवकर या.’ त्याला मी माणुसकी समजत होतो. खरं तर ती भीती होती. त्या दिवसानंतर ज्या ज्या दारात उभा राहिलो, तिथे ‘मेला’ हाच शब्द उच्चारला आणि मग त्या घरच्यांपाशी थांबलो. लोकांनी मला दगड म्हटलं. खुशाल म्हणोत. माझ्या शब्दाने फसून पुन्हा कुठली माय जेवली नाही.