पाठशाळेची पूर्व दिशा

तळ्याकाठच्या महादेवाला वंदन करून, आमच्या शहरातल्या एका वास्तुकारांना वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत असल्याच्या निमित्ताने ही एक आठवण लिहितो.

सोलापूरच्या विणकर वस्तीतली त्यांची घरे मी आदराने पाहतो. खाली माग, वर बिऱ्हाड, आणि गच्चीला जाळीची भिंत. उन्हाळ्यात तिथे झोपणाऱ्यांना वारा लागावा, पण शेजाऱ्यांची नजर पडू नये. गिलावा न केलेले त्यांचे काँक्रीट मात्र मला पूर्वी अर्धवट सोडलेले काम वाटे.

मी शिकवतो त्या आमच्या पाठशाळेची नवी इमारत त्यांनीच रेखाटली. भूमिपूजन पौषात झाले. दिशेबाबत माझा शब्द अखेरचा, असे विश्वस्तांनी ठरवले होते. मी उगवत्या सूर्याकडे हात केला आणि म्हणालो, "ही पूर्व." त्या रेषेत खुंट्या ठोकल्या गेल्या. त्या चुकल्या होत्या. वास्तुकारांनी खिडक्या उन्हाच्या हिशेबाने बेतल्या होत्या. माझ्या रेषेवर बांधले असते, तर वैशाखात वर्ग भाजून निघाले असते.

ते गवंड्याला एवढेच म्हणाले, "चर परवा खणा."

"मुहूर्त आज हाय की, सायेब!"

"मग आज एक कुदळ मारा. बाकी परवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच आले. "गुरुजी, शास्त्रात शंकूने दिशा कशी काढतात? मी नुसते वाचले आहे."

मी उत्साहाने सपाट जागी शंकू म्हणून एक काठी रोवली आणि तिच्याभोवती वर्तुळ काढले. आखडत येणारी सावली वर्तुळाला टेकली तिथे एक खूण केली; दुपारनंतर ती लांबून बाहेर पडली तिथे दुसरी. खुणा दोरीने जोडल्या. माझ्या खुंट्या चांगल्याच दक्षिणेकडे कलल्या होत्या. पौषातला सूर्य ठीक पूर्वेला उगवत नाही, हे मी आयुष्यभर शिकवत आलो होतो.

"तुम्हाला कालच ठाऊक होते?"

"होते. पण चारचौघांत बोललो असतो, तर तुम्ही हटला असता का?"

नसतोच हटलो.

विश्वस्तांना बोलावून मी चूक सांगितली आणि स्वतःच्या हाताने खुंट्या उपटल्या. गवंडी म्हणाला, "सूर्यच चुकला म्हना की, गुरुजी!"

"सूर्य नव्हे रे, मी."

आता वैशाखातल्या दुपारी मुले तिथे संथा म्हणतात. सावलीसाठी कुणाला जागा बदलावी लागत नाही. ईश्वर आमच्या वास्तुकारांना उदंड आयुष्य देवो. वाचकहो, तुमच्या घरी अन्न आणि आरोग्य नांदो, आणि तुमची चूक इतक्या हळुवारपणे दाखवणारे कुणी तुम्हालाही लाभो.