दोन शेपटांची केबल

पन्नाशी ओलांडली तरी छोट्या छोट्याच राहिला. कारखान्यातही त्याला सगळे त्याच नावानं हाक मारत. कारखाना म्हणजे काय, तर वडिलांनी मागे ठेवलेल्या दोन खोल्या आणि मागचं लांबट अंगण. धनुष्यांचे कॅम छोट्या पुढच्या खोलीत कापायचा. आतल्या खोलीत त्याची थोरली बहीण दोऱ्या आणि केबल वळायची. तिला सगळे ताईच म्हणत. अंगणात ताईचे यजमान, म्हणजे छोट्याचे भावोजी, तयार झालेलं प्रत्येक धनुष्य ओढून, बाण सोडून बघायचे.

ही धनुष्यं साधी नव्हेत. त्यांच्या दोन्ही टोकांना अंड्यासारखी लांबट चाकं असतात, तेच कॅम. दोरी ओढली की ते फिरतात आणि केबल गुंडाळून घेतात. सुरुवातीला जीव काढणारं धनुष्य शेवटाला एकदम हलकं होतं आणि माणसाला निवांत नेम धरता येतो.

निदान तसं व्हायला हवं. पण छोट्यानं नवा कॅम काढला आणि धनुष्यं परत येऊ लागली. तक्रार एकच, बाण डावीकडे जातो.

"तुझी केबल ताणली जातेय," छोट्या म्हणाला.

"माझी केबल ताणत नाही. तुझा कॅम वाकडा बसतोय."

"मापात आहे तो."

"मापात असेल. जागेवर नाही."

पहिल्यांदा हे हसण्यावारी गेलं. नंतर रोजचंच झालं. परत आलेलं धनुष्य दिसलं की छोट्या ते उचलून आतल्या खोलीच्या दारात ठेवायचा आणि थोड्या वेळानं ताई तेच धनुष्य त्याच्या यंत्रापाशी आणून टेकवायची. एकमेकांवर खापर फोडून दोघंही दमली. मग बोलणंच बंद झालं. ती आत जेवायची, हा बाहेर. "तिला विचारा, दोरा आलाय का," असे निरोप भावोजींच्या हाती जायचे. खोल्यांच्या मधलं दार उघडंच असायचं, तरी.

छोट्यानं कॅमची वळणं बदलून पाहिली. जाड कॅम कापले, बेअरिंग रुंद केलं. प्रत्येक वेळी भावोजी अंगणात चौकटीला कागद ताणायचे आणि त्यातून बाण सोडायचे. बाण सरळ गेला तर कागदाला नेटकं भोक पडतं. शेपूट हलली तर कागद आडवा फाटतो. तो आडवाच फाटायचा. भावोजी कागद छोट्यापुढे ठेवायचे. शेवटी शेवटी छोट्या त्याच्याकडे बघेनासा झाला. सकाळी यंत्र सुरू करायला हात जायचा नाही. स्टुलावर बसून राहायचा.

एका दुपारी भावोजींनी दोघांनाही अंगणात बोलावलं.

"दोघं माझ्या मागं उभी राहा," ते म्हणाले. "आणि मेहेरबानी करून तोंड उघडू नका. नुसतं वरच्या कॅमकडं बघा."

त्यांनी धनुष्य पूर्ण ओढलं आणि तसंच धरून ठेवलं. ओढताना वरचा कॅम हळूहळू एका अंगाला कलला. बाणाला वाट मिळावी म्हणून एक दांडी केबल बाजूला ढकलून धरते. त्यात केबलचं टोक कॅमच्या एकाच बाजूला बांधलेलं. सगळा ओढा त्याच बाजूला. आणि कललेल्या कॅमच्या काठावर केबल घासत होती. तिचे बारीक तंतू सुटलेले मागून स्पष्ट दिसत होते.

"बघून झालं का?" भावोजी म्हणाले. "हात भरून आलाय."

दोघांचंही खरं होतं, आणि त्यानं कुणालाच बरं वाटलं नाही.

छोट्या पायरीवर बसला. "आता सुचत नाही काही," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो थेट ताईशी बोलला होता.

ताई केबलचं टोक बोटांत फिरवत होती. "हे टोक दोनात फोडलं तर? कॅमच्या दोन्ही अंगांना एकेक शेपूट बांधायची. ओढा वाटला जाईल."

"तुझं काम दुप्पट होईल."

"ते कळतंय मला."

"आणि अंगठा?"

तिचा उजवा अंगठा बरेच दिवस सांध्यात अडकत होता.

शेपटांना जागा व्हावी म्हणून छोट्यानं कॅम अरुंद कापला, मधला आस लांबवला. ताईनं टोकं फोडून केबल वळली. कागद फाटला तो डावीकडेच, पण पहिल्यापेक्षा कमी. छोट्यानं मान खाली घातली. ताई म्हणाली, "थांब जरा." धनुष्य शिकंज्यात दाबून तिनं केबल सैल केली, एका बाजूची शेपूट सोडवली, तिला थोडा पीळ दिला आणि परत अडकवली. कॅम उभा राहिला. भावोजींनी बाण सोडला. भोक गोल होतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भावोजी चौकट आवरायला लागले. छोट्या म्हणाला, "यंत्र बंद करून येतो." ताई तिथंच पायरीवर बसली आणि तिनं हात मांडीवर उताणे ठेवले.

धनुष्यं परत येणं थांबलं. उलट मागणी वाढली, आणि ताईच्या अंगठ्यानं हात टेकले. डॉक्टरांनी पट्टी बांधून दिली, पीळ देणं पूर्ण बंद करा म्हणाले. मग छोट्या दुपारी आतल्या खोलीत बसू लागला. त्याच्या केबल गाठाळ व्हायच्या. ताई डाव्या हातानं चाचपून सांगायची, "हे उसव." तो उसवायचा. पुन्हा बसायचा. रागवायचं बळ दोघांतही उरलं नव्हतं. एखादी केबल जमली की ताई ती बाजूला ठेवायची आणि पुढच्या केबलकडं बोट दाखवायची.

एका क्रीडा शाळेचे शिक्षक आले. त्यांना सगळ्या मुलांसाठी धनुष्यं हवी होती, तीही सुट्टी संपायच्या आत. छोट्याला हो म्हणायचं होतं. त्यानं आत वळून ताईकडं पाहिलं.

"मला जमायचं नाही रे," ती म्हणाली. "आणि तुलाही."

एरवी त्यानं वाद घातला असता. तो शिक्षकांना म्हणाला, "होतील तेवढी देऊ. सगळी नाही देता यायची." ते नाराज होऊन गेले.

छोट्या आत येऊन बसला आणि दोरा ताणायला घेतला. ताईनं आपली खुर्ची उजेडाकडं थोडी सरकवली, म्हणजे त्याच्या हातातलं तिला नीट दिसेल.