ताटी उघडायची वेळ

वर्षातले काही महिने या गावापुढे तळं असतं आणि उरलेले महिने शेत असतं. जागा तीच. पलीकडची नदी फुगली की तिचं पाणी उलटं फिरून सखल जमिनीत शिरतं आणि नजर पोहोचेल तिथवर पाणीच पाणी होतं. नदी उतरली की तळंही तिच्या मागोमाग निघून जातं. पाणी मागे हटेल तसे कलिंगडवाले पुढे सरकतात, आणि त्यांच्या मागून म्हशी. मासेमार म्हणतात, कलिंगडवाले गवत उपटून माशांची अंडी घालायची जागा खातात. कलिंगडवाले म्हणतात, मासेमारांच्या खुंट्यांत नांगर अडकतो. दोघे वर्षभर एकमेकांच्या नावाने बोटं मोडतात. एकमत फक्त एकाच बाबतीत: मधल्या डोहाला कुणीही हात लावायचा नाही.

तळं आटलं तरी हा डोह आटत नाही. मोठे मासे उन्हाळाभर त्यात दाटीवाटीने दिवस काढतात. डोहाभोवती बांबूची ताटी असते. नदीचं नवं पाणी तिथवर पोहोचलं की ताटी उघडायची, म्हणजे गाभोळी भरलेल्या माद्या बुडालेल्या गवतात पसरतात आणि तिथे अंडी घालतात. उशीर झाला तर माद्या डोहातच अंडी घालतात आणि बाकीचे मासे ती गट्ट करतात. घाई झाली तर मासे उथळात जातात, पाणी मुरतं आणि मासे जमिनीवर तडफडतात. दोन्हीकडून गावाचं वर्ष वाया जातं.

ही वेळ ठरवायचं काम राखणदाराचं. त्याने जन्मात जाळं टाकायचं नाही, त्याच्या घरी मासळी सगळ्यांनी द्यायची, असा रिवाज. आताचा राखणदार उंच, वाळका आणि नाकावर माशी बसू न देणारा. डोळ्यांत तेल घालून डोह राखतो, असं लोक म्हणायचे. त्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, हे मात्र लोकांना माहीत नव्हतं. त्याला आकार दिसायचे, पण रंग सगळे चहासारखे. आणि ताटी उघडायची तर रंगच ओळखावा लागतो. नदीचं पाणी तांबडं असतं. दुसरं कसलंही पाणी आलं तर ते टिकत नाही. डॉक्टरकडे गेलो तर गावभर होईल आणि राखण जाईल, या धास्तीने तो गप्प बसला होता. राखण गेली तर आपण कोण उरतो, हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं.

बायकोला त्याने काही सांगितलं नव्हतं. पण तो कच्चे टोमॅटो पिकलेले म्हणून निवडून घेऊन आला, त्या दिवशी ती काय ते समजली. त्या वर्षापासून, नवं पाणी येऊ लागलं की ती बादली घेऊन काठावर यायची. पाणी नदीचं नसलं तर नुसतंच पुटपुटायची, "शी! यात काय कपडे निघणार?" राखणदार ताटीच्या दोरीवरचा हात काढून घ्यायचा. ती गप्प राहिली की दोरी ओढायचा. दोघांत याबद्दल कधी चकार शब्द झाला नाही. त्याला वाटायचं, ही सहज बोलते. निदान तसं वाटून घेणं त्याला सोयीचं होतं.

यंदा होड्यांच्या छपराखाली बसलेला सुतार त्याला म्हणाला, "काय राखणदार, डोह तुम्ही राखता की वहिनी?" सुताराला चेष्टा करायला निमित्त लागत नाही. सगळे हसले. राखणदाराला ते झोंबलं, कारण ते खरं होतं. तो म्हणाला, "बायकांना पाण्यातलं काय कळतं? तिला भांडी घासायला लागतं, तेवढाच तिचा पाण्याशी संबंध."

ती त्याचा चहा घेऊन मागेच उभी होती. तिने कप ठेवला आणि निघून गेली.

त्या दिवसापासून अबोला. जेवण वेळेवर, कपडे घडी केलेले, तोंडाला मात्र कुलूप. घरात काय तो भांड्यांचा आवाज. शेजारी राहणाऱ्या बहिणीने त्याला सांगून पाहिलं, "दादा, चुकलं म्हण आणि मोकळा हो."

"मी काय वाईट बोललो?"

"मग बस तसाच."

तो तसाच बसला.

एका सकाळी गलका झाला की पाणी आलं. राखणदार ताटीपाशी पोहोचला तेव्हा पाय घोट्याच्या वर भिजत होते आणि ओल्या मातीचा वास सुटला होता. त्याने दोरी हातात घेतली आणि वाट पाहिली. मागे बादली टेकल्याचा आवाज झाला. तो आणखी थोडा थांबला. काहीच ऐकू आलं नाही. त्याने दोरी ओढली.

ते नदीचं पाणी नव्हतं. वरच्या अंगाला कालवा फुटला होता. दुपार व्हायच्या आत तहानलेल्या जमिनीने ते सगळं पिऊन टाकलं आणि हाताएवढाले मासे ढेकळांत उड्या मारू लागले. मग कोण मासेमार आणि कोण कलिंगडवाला! बादल्या, ओली पोती, टोपल्या, अंगातले शर्ट, जे हाताला लागेल त्यात मासे घालून लोक डोहाकडे पळत होते. बरेच वाचले, बरेच गेले. बगळ्यांची मात्र चंगळ झाली.

संध्याकाळी सगळे त्याच छपराखाली जमले. सुतार या वेळी हसत नव्हता. "राखणदार, पाणी पाहिलं होतंत ना?"

सकाळी बायको ताटीपाशी उभी होती तरी बोलली नाही, एवढं सांगितलं असतं तर अर्धा दोष तिच्या माथी गेला असता. तो म्हणाला, "नाही पाहिलं. मला दिसत नाही. बरीच वर्षं झाली."

"मग इतकी वर्षं ताटी बरोबर कशी उघडली?"

मागून त्याची बायको म्हणाली, "मला दिसत होतं. आजही दिसलं."

तिला बोल लावावा की तिचे उपकार मानावेत, कुणालाच कळेना. शेवटी दोरी सुताराकडे द्यायची ठरलं आणि बैठक उठली.

घरी आल्यावर तो म्हणाला, "बादली ठेवलीस ते ऐकलं मी. तू बोलली नाहीस, म्हणून ओढली."

"पाणी राखाडी होतं."

"मग बोलायचंस ना! माझ्यावरचा राग माशांवर कशाला काढलास?"

तिचे डोळे भरून आले. दिवसभर तिनेही मासे वाहिले होते आणि हात ठिकठिकाणी कापले होते. "ओठांपर्यंत आलं होतं हो," ती म्हणाली. "पण म्हटलं, एकदा तरी तुम्ही विचाराल."

नदी आली ती पुढच्या आठवड्यात. सगळं गाव काठावर लोटलं होतं. राखणदारही आला, पण गर्दीच्या मागे उभा राहिला. सुतार ताटीपाशी गेला. त्याची नजर घारीसारखी तेज, पण गेल्या वेळच्या धसक्याने त्याचा हात दोरीवर अडखळला. तो वळला आणि सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाला, "वहिनी, तुम्हीच सांगा. उघडू का?"

ती पुढे झाली, पाण्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "उघडा."

ताटी उघडली. लोकांनी ओरडून काठ डोक्यावर घेतला. राखणदार मागे उभा होता तिथेच राहिला. सुताराने सहज विचारलेले ते दोन शब्द, ‘उघडू का?’, त्याच्या कानांतून जाईनात.