शेवटच्या सायकलवरचा माणूस

पत्नीला हे ठाऊक नाही. मुलीला नाही. आणि ज्याला सर्वांत आधी ठाऊक व्हायला हवे होते, त्याला तर नाहीच. साठी उलटल्यावर मी लिहायला लागलो. पहिल्या दोन-चार लेखांत झाडांविषयी लिहिले, जुन्या शिक्षकांविषयी लिहिले. वाचणारे म्हणाले, भाषा नीटस आहे. नीटस भाषेमागे पुष्कळ काही झाकून ठेवता येते, हे त्यांना कुठे माहीत? आज झाकायचे नाही असे ठरवून बसलो आहे — जमेल की नाही, सांगता येत नाही.

तुम्ही कधी भर रस्त्यात सायकल उजवीकडे वळवली आहे का? डावीकडे वळण्यात काहीच नसते, कडेकडेने जावे आणि वळावे. उजवीकडे वळायचे म्हणजे ती कड सोडायची. मागून भरधाव येणाऱ्या वाहनांच्या पुढ्यातून तिरके सरकत मध्यावर यायचे, दुभाजकाच्या फटीत एक पाय टेकून उभे राहायचे, आणि समोरच्यांनी वाट दिली तर पलीकडे निघायचे. हात बाहेर काढावा तर हँडलवर एकच हात उरतो. मागे बघावे तर मान वळते तिकडेच सायकलही वळू लागते. त्या चार-पाच क्षणांत माणसाची पाठ पूर्णपणे दुसऱ्याच्या हवाली असते.

दुसऱ्याच्या — म्हणजे कोणाच्या? तिथेच मला यायचे आहे, पण थोडे वळसे घेऊन येतो. सरळ येण्याचे धैर्य असते तर इतकी वर्षे लागली नसती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी सुरतेत, उधन्याच्या एका मराठी शाळेत शिकवत होतो. वडील, म्हणजे अप्पा, बँकेच्या बदलीने नाशिकहून आले आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिले. आई नव्हती. घरात आम्ही दोघे, आणि दोघांच्या मध्ये शांतता. अप्पा कठोर नव्हते. मी बोलू लागलो की ते वर्तमानपत्राची घडी उलगडत, एवढेच. मी एम. ए. झालो तेव्हा त्यांनी गुणपत्रिका पाहिली आणि म्हणाले, "बरं झालं." मी ती घडी घालून ठेवली.

आमच्याच शाळेत रोहिदास होता. शिरपूरकडचा. शिक्षक होण्याआधी आठ वर्षे तो उधन्यातच कापडाच्या मागांवर होता — सुरतेत मागांच्या शेडला खाते म्हणतात — आणि खात्यात काम करत करत परीक्षा देऊन तो वर आला होता. मागांच्या खडखडाटाने त्याचे कान थोडे मंदावले होते. वर्गात मागच्या बाकावरचे मूल हळू बोलले, तर तो त्याच्यापाशी जाऊन उकिडवा बसे आणि म्हणे, "आता सांग, राजा. या कानात सांग." मुलांना वाटे, सर आपल्यासाठी खाली बसतात. मी फळ्यापाशी उभा राहून शुद्ध बोलत असे. माझ्यापाशी कोणी काही सांगायला येत नसे.

एकदा तो माझ्याबरोबर घरी आला. दारातूनच म्हणाला, "काय अप्पा, जेवन व्हयनं का?" — त्याच्या अहिराणीत. अप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. माझ्या वडिलांना मी तोवर मोठ्याने हसताना ऐकले नव्हते, हे मला त्या दिवशी कळले. मग तो दर दोन-तीन दिवसांनी येऊ लागला. मी उशिरा पोहोचलो, तर अप्पा दारातच विचारत, "एकटाच? रोहिदास नाही आला?"

हे सांगताना आजही मला लाज वाटते; तिशी उलटून गेलेला माणूस मी, आणि मत्सर कोणाचा करत होतो? बापाने दुसऱ्याला चहा विचारला, याचा! पण मत्सराला वय नसते बहुधा. रोहिदास खेळीमेळीने म्हणायचा, "वसंतभाई, तुझे वडील म्हणजे राजा माणूस!" — आणि मला वाटायचे, हे मला याच्याकडून कळावे?

आम्ही दोघे सायकलीने ये-जा करत असू. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर शहराची झाडझूड झाली, उधन्याचा मोठा रस्ता रुंद झाला, आणि रुंद झाला तशी वाहने पळू लागली. कापडाचे ताके लादलेले टेम्पो, हजीऱ्याकडे जाणारे ट्रक. आमच्या घरांकडे जाणारी गल्ली उजव्या हाताला होती आणि तिथे सिग्नल नव्हता. त्या वळणाची रीत मला रोहिदासनेच शिकवली. खात्यातून सुटलेले कामगार ओळीने सायकली काढत. कान सगळ्यांचेच मंद, मागून काय येते ते कोणालाच धड कळत नसे. म्हणून ओळीतल्या शेवटच्याने फक्त मागे बघायचे. बाकीच्यांनी मान वळवायची नाही, हात काढायचा, नजर समोर ठेवायची. मागून वाहन आले तर शेवटच्याने ओरडायचे — "थांब!" आवाज आला नाही, तर रस्ता मोकळा. 'चला' कोणी म्हणत नसे. गप्प राहणे हाच 'चला'.

"तू मागे राहा," तो पहिल्याच दिवशी मला म्हणाला. "तुझे कान शाबूत आहेत, आणि तू सावध माणूस."

मी जन्मात कधी मोठ्याने बोललो नव्हतो. त्या वळणावर मात्र रोज संध्याकाळी ओरडत असे. आणि तो दर वेळी थांबे — एकदाही त्याने माझी हाक चुकवली नाही. हे नीट लक्षात ठेवा. एकदाही नाही.

तो थंडीचा दिवस होता. शाळा सुटून आम्ही निघालो होतो, अजून ऊन होते. रस्ता बरा होता म्हणून काही वेळ तो माझ्या बरोबरीने सायकल चालवत होता. सहज म्हणाला, "अप्पांची वही वाचतोय रे मी. काय लिहितात! तुझ्या आईवरचं ते पान तर — मी दोनदा वाचलं."

कुठली वही, असे मी विचारले का? नाही. "हो," म्हणालो — जणू मला सारे माहीत होते. वडील लिहितात हेच मला माहीत नव्हते. आईविषयी ते माझ्याशी कधी एक शब्द बोलले नव्हते. आणि तिच्याविषयीचे पान याने दोनदा वाचले होते.

वळण आले. रोहिदास पुढे झाला, मी मागे. त्याने उजवा हात बाहेर काढला. मी मागे पाहिले.

टेम्पो मला दिसला. वर ताके रचलेला, वेगात, आमच्याच बाजूला. अंतर होते — ओरडायला पुरेल एवढे. मी पुढे पाहिले. त्याची पाठ, खांद्यावरची शबनम, बाहेर काढलेला हात. मी तोंड उघडलेही होते.

मग? मी गोंधळलो होतो का? भीतीने घसा बंद झाला का? इतकी वर्षे मी स्वतःला हेच विचारत आलो, कारण यांतले एखादे उत्तर खरे निघाले असते तर मला झोप लागली असती. पण मला स्वच्छ आठवते. मनात एक वाक्य होते, आणि तेही नीटस — 'आज तुझे तू बघ.' एवढेच. तो मरावा असे मला वाटत नव्हते. त्याने दचकावे, त्याचा तो आनंद जरा हलावा, एवढे वाटले असेल. पण मी ओरडलो नाही. मी गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ आम्हां दोघांत ठरलेला होता. त्या अर्थावर विसंबून तो वळला.

टेम्पोचा कोपरा त्याच्या मागच्या चाकाला लागला. तो दुभाजकावर फेकला गेला. मांडीचे हाड मोडले.

टेम्पोवाला पळाला नाही. उतरून तो सांगत होता, "ए तो एकदम वळी गयो, साहेब! मारो शो वांक?" — हा एकदम वळला, माझा काय दोष? माणसे जमली. कोणीतरी मला विचारले, तुम्ही मागे होतात ना? आणि मी म्हणालो, "मी ओरडलो होतो. त्याला ऐकू आले नाही."

गर्दीतल्या सगळ्यांनी मान हलवली. उधन्यात मागावरच्या माणसाचे कान कसे असतात, हे कोणाला सांगावे लागत नाही. पोलिसांपुढे तेच सांगितले, शाळेत तेच सांगितले. दुसऱ्या दिवशी इस्पितळात रोहिदासने माझा हात धरला. "तू ओरडलास म्हणे?" मी मान हलवली. त्याने नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, "मना कान गयात मग." माझे कान गेले. मराठीत नाही, अहिराणीत म्हणाला, स्वतःशीच.

त्याच क्षणी सांगता आले असते ना? आले असते. खाटेपाशी आम्ही दोघेच होतो.

पण त्याआधी एक गोष्ट घडून गेली होती. अपघाताच्या संध्याकाळी मी घरी गेलो. अप्पांना सगळे कळले होते. ते उठून उभे राहिले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू हाक तरी दिलीस, वसंता. तुझा आवाज कधी निघत नाही — पण वेळेला निघाला." त्यांनी माझे असे कौतुक त्याआधी केले नव्हते आणि पुढेही केले नाही. खोटे परत घ्यायचे तर हेही परत द्यावे लागले असते. मी दिले नाही.

आता तुम्हांला वाटेल, हाड मोडले ते त्या एका क्षणाने. ते खरे आहे, पण हाड पाच महिन्यांत जुळले. किंचित लंगडतो, इतकेच. माझ्या हातून मोडले ते दुसरेच. शाळेत परतल्यावर त्याने मुख्याध्यापकांकडे जाऊन वर्ग सोडला. म्हणाला, "दोन सायकलींच्या अंतरावरून मारलेली हाक मला ऐकू येत नाही, सर. मागच्या बाकावरचं पोर मला काही सांगत असेल आणि मी तसाच पुढे शिकवत असेन — नको." त्याने ग्रंथालयाचे काम मागून घेतले. त्याचा वर्ग मला मिळाला. पहिल्याच तासाला एका मुलीने विचारले, "रोहिदास सर केव्हा येणार?" मी म्हणालो, "त्यांना ऐकू येत नाही." सदतीस मुलांसमोर, शांतपणे, शुद्ध मराठीत. आणि सांगायला हवे म्हणून सांगतो — तेव्हा मला आतून बरे वाटले.

तीन-चार वर्षांनी उधन्यात कानतपासणीचे शिबिर भरले. रोहिदास गेला होता. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापाशीच त्याने मला गाठले. चेहऱ्यावर जुने हसू होते.

"वसंतभाई, डॉक्टर काय म्हणतो माहीत आहे? बारीक आवाज गेलेत, पण माणसाचं बोलणं ठीक ऐकू येतं म्हणे. रस्त्यात कोणी मागून ओरडलं तर नक्की कळेल म्हणतो." मग डोळे मिचकावून म्हणाला, "मग त्या दिवशी तुझी हाक गेली कुठे रे? टेम्पोत बसून बारडोलीला?"

तो थट्टा करत होता. त्याला खरोखर माझ्यावर संशय नव्हता — हे मी त्याच्या बाजूने नाही, माझ्या विरुद्ध सांगतो आहे. मी म्हणालो, "ट्रकचे हॉर्न वाजत होते. त्यात बुडाली असेल."

"हां," तो म्हणाला. हसू हळूहळू उतरले. "बरोबर आहे. डॉक्टरचं काय, तो बंद खोलीत तपासतो. रस्त्यावरचं तूच पाहिलंस."

डॉक्टरपेक्षा त्याने मला खरे मानले. वर्गात तो पुन्हा कधी गेला नाही; तिथून निवृत्त होईपर्यंत पुस्तकांना कव्हरे घालत राहिला. अप्पा गेले तेव्हा खांदा द्यायला तो लंगडत आला होता, आणि माझ्याहून जास्त रडला. त्याचाही मला राग आला.

गेल्या वर्षी नंदुरबारला त्याच्या धाकट्या मुलीचे लग्न होते. मांडवात तो भेटला. केस पांढरे, फेटा थोडा मोठा. मी मुलीला आशीर्वाद दिला, दोन शब्द बोललो, बरे आहे ना वगैरे विचारले. तेव्हा लक्षात आले, तो माझ्या डोळ्यांकडे बघतच नव्हता. समोरच्याचे बोलणे ओठांवरून ओळखायची सवय त्याने इतक्या वर्षांत लावून घेतली होती — ऐकू येत असतानाही. तो माझ्या ओठांकडे एकटक पाहत होता, माझा एकही शब्द निसटू नये म्हणून.